अर्ध्या तासाची पाळी

आदिस अबाबा. चौथा मजला.
काचेच्या खोलीत दोन खुर्च्या, एक दिवा,
मधोमध वही, तिला दोऱ्याने बांधलेली पेन्सिल.
खाली सभागृहात टोळधाडीवर चर्चा.
फ्रेंच आत येतं, अम्हारिक बाहेर जातं,
मधल्या मध्ये वुबालेमचा घसा.

अर्धा तास तिचा, अर्धा तास मेलकामूचा.
ज्याची पाळी नाही त्याला सुट्टी नसते.
त्याने कान द्यायचे,
आकडे नि गावांची नावं वहीत उतरवून पुढे सरकवायची,
कारण बोलणाऱ्याच्या डोक्यात वाक्य मावतं,
आकडा मावत नाही.

नऊ दिवस ती त्याच्याशी बोललेली नाही.
मागच्या बैठकीत तिच्या तोंडून एक शून्य सांडलं,
सतरा लाख हेक्टरांचे झाले एक लाख सत्तर हजार,
आणि मेलकामूने ते सगळ्यांदेखत सांगितलं,
विभागप्रमुख येशीमेबेटबाई चहा ढवळत असताना.
खोटं असतं तर ती भांडली असती.
खरं होतं, म्हणून जास्त झोंबलं.

त्या रात्री तिने मनातल्या मनात
त्याला किती उत्तरं दिली!
एकाहून एक धारदार, व्याकरणशुद्ध,
दोन्ही भाषांत.
सकाळी तोंडातून साधं 'सेलाम'ही निघालं नाही.

आज दुपारी एक गृहस्थ उठले,
चष्मा कपाळावर सारून कागद वाचू लागले,
श्वास न घेता,
आकड्यामागून आकडा, जणू कुणी पोतं फोडलंय.
वुबालेम तिसऱ्या आकड्याला अडली.
काचेच्या खोलीत एका श्वासाची शांतता
म्हणजे भरल्या ताटातला खडा.
तेवढ्यात वही सरकली.

चार लाख सदुसष्ट हजार.
साताच्या पोटावर आडवी रेघ.

तीन वर्षांपूर्वी ती त्याला हसत म्हणाली होती,
तुझा एक आणि तुझा सात
जुळे भाऊ आहेत, मी कुणाला ओळखू?
तो काहीच बोलला नव्हता.
तेव्हापासून त्याच्या प्रत्येक साताला कमरपट्टा.
या नऊ दिवसांतही एकदा सुटला नव्हता.
ती मात्र नऊ दिवस
त्याचे आकडे लिहीत होती बारीक, कोपऱ्यात,
नियमापुरते.

त्याची पाळी आली, तिने पान उलटलं,
आणि लिहिलं मोठं. पानभर.

मधल्या सुट्टीत जिन्याखाली त्सिगेची कॉफी.
पहिल्या कपाला तिथे अबोल म्हणतात.
आपल्याला हसू येईल, तिथे कुणी हसत नाही.
दोघांनी तो तसाच प्यायला, अबोल.
दुसऱ्या कपाला ती म्हणाली,
शून्य माझंच होतं.
तो कपात बघत म्हणाला,
शून्य तुझं, पण जागा माझी चुकली.
जिन्यात सांगायचं, मी चारचौघांत सांगितलं.
एवढंच. माफी हा शब्द कुणी उच्चारला नाही.

इतक्यात येशीमेबेटबाई आल्या,
वुबालेम, संध्याकाळचं तिसरं सत्र घेशील ना, तूच उरलीस.
ते शून्य सांडलं होतं तेही
अशाच एका तिसऱ्या सत्रात,
'बघते' म्हणून गळ्यात पडलेल्या.
'बघते' हा तिचा जुना शब्द,
नाही म्हणायला जीभ वळेना की पुढे करायची ढाल.

नाही जमणार, ती म्हणाली.
कारण सांगायला तोंड उघडलं,
आईचं दुखणं, घराचा पाणीपुरवठा, काय काय,
मग मिटलं.
दोन सत्रांनंतर माझ्याकडून शून्यं सांडतात.
माझ्याकडूनही, मेलकामू म्हणाला.
बाई थोडा वेळ उभ्या राहिल्या.
त्यांना राग आला असावा.
मग त्यांनी फोन काढला, दुसऱ्या कुणाला लावला,
आणि आभाळ कोसळलं नाही.

तिसऱ्या कपाला बरका म्हणतात, आशीर्वाद.
त्सिगे ओतायला वाकली होती,
पण वरची घंटा झाली.
तो कप राहिला.
पाळी वुबालेमची होती,
आणि मेलकामूला आधी
पेन्सिलीला टोक काढायचं होतं.